बाईंनी दिलेली शाल

१७ मार्च १९९८, मंगळवार

फळा लिहून झाला. ‘वार्षिक ग्रंथपडताळणीनिमित्त दि. १९ व २० मार्च रोजी वाचनालय पूर्ण बंद राहील. — ग्रंथपाल.’

चिंतामणीकाका, आमचे कार्यवाह, येऊन बघून गेले. “सुमेधाताई, अक्षर आहे की छपाई!” मी खूश. अकरा वर्षं झाली मला या टेबलाशी. अकरा वर्षं हाच मजकूर.

संध्याकाळी अफशा पुस्तकं बदलायला आली. समोरच्या नासिरभाईंची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्याला तीन पुस्तकं वाचते, शिवाय रविवारी आमच्या बालविभागात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. फळ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, पडताळणी दरवर्षी याच दोन दिवशी का असते हो?”

“मंडळाचा निर्णय आहे.”

“पण खरी पडताळणी तुम्ही मे महिन्यात करता ना? गेल्या वर्षी मी मदतीला होते की.”

मी शिक्का शोधायला लागले. शिक्का माझ्या हातातच होता!

कारण सगळ्या गावाला माहीत आहे. वीस मार्चला चवदार तळ्यावर सत्याग्रहाचा दिवस. माणसं लोटतात. आमची इमारत तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गर्दी आत शिरेल, संडास घाण होतील, पुस्तकं जातील — हे काकांच्याही आधीपासून चालत आलंय. कधी ठराव झाला नाही. कुणी मोठ्यानं बोलतही नाही. फक्त फळा लिहायचा असतो, आणि तो मी लिहिते.


१९ मार्च

बंद. आत मी आणि श्रीपत, आमचा शिपाई. बालविभागाच्या साठ पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. रस्त्यावर पुस्तकांचे स्टॉल लागलेत. खिडकीतून बघत होते — एका बाईनं भाजी घ्यावी तशी ओटीभर पुस्तकं घेतली. आम्ही इकडे ‘वाचक वाढवा’ म्हणून सभा घेतो!


२० मार्च

आज काही लिहायचं नाही.


२२ मार्च, रविवार

दोन दिवस झाले. जेवण गेलं, झोपही लागली. तेच जास्त वाईट वाटतंय. लिहून टाकते.

शुक्रवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास दार वाजलं. आधी हळू, मग जोरात. वयस्कर बाईचा आवाज — “ओ बाई! कोण हाय का आत? पोरीला जरा जागा द्या. बाईमाणसाची नड हाय!”

मी दाराशी गेले. दाराच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. बाहेर एक म्हातारी, वाळलेली, धुवट पांढरं लुगडं. दार वाजवून ती खालच्या पायरीवर उतरलेली. तिच्याबरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी, पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये. या दिवशी बायका पांढरं नेसून येतात. ती पोर म्हातारीला ओढायला एकदाच पुढे झाली, तेव्हा दिसलं. मागे कुर्त्यावर मोठा डाग. लगेच ती मागे सरकली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. रस्त्यावरून माणसं चाललेली, घोषणा, ढोल.

माझी श्रिया तेरा वर्षांची आहे. जानेवारीत तिला शाळेत पहिल्यांदा पाळी आली, तेव्हा मी काउंटर सोडून धावत गेले होते. रिक्षानं घरी आणलं, गरम पाण्यानं आंघोळ घातली, शिरा केला. तीन दिवस तिला जवळ घेऊन बसले. त्या पोरीला बघून हे सगळं आठवलं. म्हणजे मला कळलं नाही असं नाही. सगळं कळलं.

किल्ली माझ्या हातात होती.

श्रीपत मागे येऊन उभा राहिलेला. “बाई, उघडू?”

मी म्हणाले, “नको. एकीला उघडलं की सगळ्या येतील.”

माझेच शब्द. काका तिथं नव्हते. कुणी मला अडवलं नव्हतं.

म्हातारी अजून दोनदा हाका मारून थांबली. श्रीपत “मागं टाकी बघून येतो” म्हणून निघून गेला. मी जागेवर येऊन कव्हरांवर लेबलं चिकटवली. एकही तिरकं लागलं नाही. थोड्या वेळानं परत फटीतून पाहिलं. पायरी मोकळी होती. साडेतीनला चहा प्यायले. तो चवीला चांगला लागला, हेही लिहून ठेवते.


२३ मार्च

अफशा आली. पुस्तकं काउंटरवर ठेवली.

“मॅडम, शुक्रवारी तुम्ही आत होतात ना?”

“का गं?”

“एक आजी दार वाजवत होत्या. मी गॅलरीतून बघत होते. सकाळी तुम्हाला आत जाताना पाहिलं होतं, म्हणून वाटलं, मॅडम उघडतीलच. बराच वेळ वाट पाहून मग मी खाली उतरले. दोघींना आमच्या घरी नेलं. अम्मीने त्या मुलीला माझे कपडे दिले.”

“अगं, मी मागच्या खोलीत होते. पंख्याच्या आवाजात काही ऐकूच आलं नाही.”

तिनं पुस्तकं माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, “लाइट नव्हती त्या दुपारी, मॅडम.”

जाताना एकही नवीन पुस्तक नेलं नाही.


१२ एप्रिल, रविवार

तीन आठवडे अफशा फिरकलेली नाही. आज कथावाचनाला मुलं जमली, वीसेक तरी असतील. मीच वाचली गोष्ट. कोल्ह्याचा आवाज काढून पाहिला — कुणी हसलं नाही. पुढे बसलेली एक चिमुरडी मध्येच म्हणाली, “अफशाताईला बोलवा ना!”

घरी श्रियानं विचारलं, “आई, तू अशी काय बघतेस माझ्याकडे?”

काही नाही म्हटलं.


१५ एप्रिल

एक मेला वर्धापनदिन. सत्कारासाठी सात शाली आणून ठेवल्या होत्या, मागच्या कपाटात. आज बघते तर सहाच! त्या कपाटाची किल्ली मी आणि श्रीपत सोडून कुणाकडे नसते.

काकांच्या समोरच श्रीपतला विचारलं. तो जमिनीकडे बघत उभा.

“मला नाय म्हाईत, बाई.”

“माहीत नाही म्हणजे? शालीला पाय फुटले?”

काका म्हणाले, “श्रीपत, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं रे.” फार दुखावलेल्या आवाजात म्हणाले. मी शेरेबुकात लिहिलं — ‘शिपायाच्या ताब्यातील कपाटातून एक शाल गहाळ.’ त्याला सही करायला लावली. त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं.

खरं सांगायचं तर आज बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. दुसरं कुणीतरी चुकलं होतं!


२० एप्रिल, सोमवार

कुठून सुरुवात करू?

वाचनालयाचं टपाल काका फोडतात. आज एक निळं आंतर्देशीय पत्र आलं. वर ‘वाचनालयाच्या बाई, महाड’ एवढंच. काकांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी तेव्हा मासिकं लावत होते. नंतर मागून घेतलं, आता समोर ठेवून उतरवून घेते —

‘बाईंना ठकूबाईचा जय भीम. पत्र माझी नात संघमित्रा लिहिते, मला लिहायला येत नाय. वीस तारखेला तुमी शिपायाच्या हाती शाल पाठवलीत. दार उघडायचा हुकूम नाय, पण बाईंनी ही पोरीसाठी दिली हाय, असं तो बोलला. समोरच्या पोरीनं घरात नेलं, कापडं दिली. तिलापण सांगा. पण पोर लय घाबरलेली, शाल काय सोडेना. उन्हातान्हाची शाल लपेटून तळ्यावर आली. पाणी घेतलं, वंदना केली. नायतर ती रडत घरी चालली होती. मी वीस वर्षं येते. दरसाल तुमचं दार बंद बघते. यंदा त्या दारातून काय तरी बाहेर आलं. तुमचं नाव म्हाईत नाय म्हणून बाई लिवलं.’

खाली पत्ता. कुडपणच्या अंगाची एक वाडी, तालुका पोलादपूर. मला वाटायचं ही माणसं कुठून कुठून लांबून येतात! एस.टी.नं दोन-तीन तासांच्या वाटेवरची ती. आमच्याच मुलखातली.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा वर केला. “सुमेधाताई, एका शब्दानं बोलला नाहीत!” मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. “पण मग परवा श्रीपतला का बोललात?”

त्या क्षणी सांगता आलं असतं. त्यांनी प्रश्न सरळ माझ्या हातात ठेवला होता.

मी म्हणाले, “विसरलेच होते बघा काका.”

“विसरलात! देऊन विसरलात! अहो, याला म्हणतात देणं!”

श्रीपत दारात झाडू घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. खाली वाकून झाडायला लागला.


२१ एप्रिल

सकाळी काका यायच्या आधी श्रीपतला गाठलं.

“तुम्ही शाल दिलीत?”

“व्हय.”

“मग त्या दिवशी का बोलला नाहीत? मी तुम्हाला चोर ठरवलं काकांसमोर!”

“बोलून काय करू, बाई? दिली म्हटलं की कोणाला, कधी, का, सगळं निघालं असतं. तुमीच बोलाल असं वाटलं होतं.”

“आणि माझं नाव कशाला घेतलंत?”

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. “परक्या बाप्याच्या हातून पोर घेईल का अशा टायमाला? बाईनं दिली म्हटल्यावर घेतली. दुसरी बाई होती कोण तिथं?”

शेरेबुकातलं पान फाडते म्हटलं, तर म्हणाला, “पानं मोजलेली असतात, बाई. राहू द्या.”


२४ एप्रिल

काकांनी ठरवलं — पत्र वर्धापनदिनाला व्यासपीठावरून वाचायचं. ‘वाचनालयाची सामाजिक बांधिलकी’ असा विषय! मी म्हणाले, नको. तीनदा म्हणाले. पण का नको ते सांगितलं नाही. त्यामुळे ते आणखीच हट्टाला पेटले.


१ मे

दोनशे माणसं असतील. बालवाचकांचा बक्षीससमारंभ झाला, मुलींनी स्वागतगीत म्हटलं. मग काकांनी पत्र वाचलं. छान वाचतात ते, शाळेत मराठी शिकवायचे. ‘यंदा त्या दारातून काय तरी बाहेर आलं’ या वाक्याला थांबले. माझ्या शेजारच्या बाईंनी पदरानं डोळे पुसले.

मला वर बोलावलं. खांद्यावर शाल टाकली. त्या सहांमधलीच एक! नारळ हातात. काका म्हणाले, दोन शब्द बोला.

माइक धरला. समोर तिसऱ्या रांगेत श्रिया आणि हे. श्रिया तर खुर्चीत मावत नव्हती. मागे भिंतीला टेकून श्रीपत. आणि दाराजवळ अफशा! आलेली होती.

मी म्हणाले, “मी काहीच केलं नाही हो.”

टाळ्या! महिनाभरात पहिल्यांदा खरं बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीपतनंही वाजवल्या. मी नमस्कार केला आणि खाली आले. अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. तोंडात आलेलं होतं. पाच-सहा शब्दांचं.

घरी येताना श्रिया म्हणाली, “आई, मला तुझा किती अभिमान वाटला!” यांनी वाटेत आइसक्रीम घेतलं. मी खाल्लं.


४ मे

अफशा आली. काउंटरपाशी बराच वेळ घुटमळली.

“मॅडम, सॉरी.”

“कशाबद्दल?”

“मला शालीचं माहीत नव्हतं. मी खाली येईपर्यंत ती त्या मुलीच्या अंगावर होती, मला वाटलं तिचीच. मी घरी सगळ्यांना सांगितलं होतं की मॅडम आत होत्या आणि मुद्दाम उघडलं नाही. पंख्याचं तुम्ही का म्हणालात ते आता कळलं, शाल दिल्याचं सांगायचं नव्हतं तुम्हाला. मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला. अम्मी म्हणाली, जाऊन माफी मागून ये.”

या अख्ख्या महाडात एकटीनं मला बरोबर ओळखलं होतं. आणि ती माझी माफी मागत होती!

मी काय म्हणाले? “असू दे गं.”

असू दे!! मी तिला माफ केलं!

तिनं तीन पुस्तकं नेली. रविवारपासून कथावाचनाला येते म्हणाली. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन बसले. श्रीपतनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्याच्यासमोर रडायलाही लाज वाटली.


७ मे

पत्र टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज ऐकला, म्हणजे आता परत घेता येणार नाही.

तीन वेळा लिहून फाडलं. त्या तिन्हींत काकांचं नाव होतं, मंडळाचं होतं, गर्दीचं होतं. चौथ्यात फक्त एवढं —

‘ठकूबाईंना सुमेधाचा नमस्कार. शाल मी पाठवली नाही. आमचे शिपाई श्रीपत यांनी मला न सांगता, आपल्या मनानं दिली. दार उघडू नका असं मला त्या दिवशी कुणीही सांगितलेलं नव्हतं. किल्ली माझ्या हातात होती. तुमची नात मला दिसत होती, तिची नड कळत होती. माझी मुलगी तिच्याच वयाची आहे. तरी मी उघडलं नाही. नंतर तुमच्या पत्रावर माझा सत्कार झाला, तोही मी घेतला. तुम्ही मला जे म्हणाल ते कमीच आहे.’

दुपारी काकांनाही सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला.

“ताई, हे आता कुणाला सांगू नका. पेपरात बातमी आली आहे.”

“श्रीपतचं शेरेबुकातलं तरी—”

“ते खोडू. ते मी खोडतो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “फळा तुम्ही लिहीत होतात, पण लिहा म्हणून मीच सांगत होतो ना दरवर्षी.”

त्यांनी लाल पेनानं शेरा खोडला, खाली लिहिलं — ‘चूक कार्यालयाची.’ श्रीपतला बोलावून दाखवलं. तो “बरं” म्हणाला.

अफशाला मात्र अजून सांगितलेलं नाही. ठकूबाईंचं उत्तर येऊ दे आधी. त्यांनी चांगलं झाडलं की मग सांगायला सोपं जाईल. बोलणी खाऊन झाली आहेत, असं सांगता येईल. किती हिशेबी आहे मी! हेसुद्धा कळतंय आणि तरी थांबलेय.


२६ मे

पोस्टमन आला की काकांच्या आधी मी दारात जाते. आज नियतकालिकंच.

पडताळणी सुरू आहे, खरी. अफशा मदतीला येते. मी नावं वाचते, ती खुणा करते. आज म्हणाली, “मॅडम, पुढच्या वीस मार्चला आपण मुक्तद्वार वाचनकक्ष उघडा ठेवायचा का? बाहेर स्टॉलपाशी किती वाचणारी माणसं येतात! मी दोन्ही दिवस थांबेन.” मी म्हणाले, काकांना विचारते. काका हो म्हणाले. पटकन म्हणाले. तिला वाटलं, हे सगळं माझ्यामुळेच.


३ जून

उत्तर नाही. त्यांनी पत्र चुलीत घातलं असेल. घालावंच.


११ जून

आलं. ठकूबाईंचं नाही — नातीचं.

‘मॅडम, तुमचं पत्र आलं तेव्हा आजी समोरच बसली होती. वाच म्हणाली. तुमची मुलगी माझ्याएवढी आहे हे होतं तसं वाचलं. बाकीचं मी माझ्या मनचं रचून वाचलं. आजीला लय आनंद झाला, ती वाडीत सगळ्यांना तुमचं सांगत फिरते. तुम्ही आत काय बोललात ते मी तेव्हाच ऐकलं होतं, माझी पाठ दाराला होती. आजीला ऐकू गेलं नव्हतं. मी तिला सांगितलं नाही. तुम्ही पण सांगू नका. परत असं पत्र पाठवू नका. संघमित्रा, इयत्ता आठवी.’